विमान थांबवणारा माणूस

नीलम्माच्या घरातला इंग्रजीचा कारभार धाकट्या सिद्धेश्वरीच्या हाती येऊन दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष पोरीनं घाबरत काढलं. ईमेल उघडायचा म्हटलं की तळहाताला घाम. पण या दिवाळीनंतर शाळेच्या परिपाठात तिनं पहिल्यांदा इंग्रजीत भाषण ठोकलं, एकदाही न अडखळता. बाईंनी पाठ थोपटली, अख्ख्या नववी 'ब'नं टाळ्या पिटल्या, आणि तेव्हापासून तिचा तोरा असा, की जणू विलायतेच्या राजवाड्यात दुभाषी म्हणूनच जन्माला आली होती.

आधी हा कारभार तिच्या थोरल्या बहिणीकडं, श्रीदेवीकडं होता. श्रीदेवी नर्सिंग शिकली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर इंग्लंडात नॉटिंगहॅम नावाच्या गावी दवाखान्यात नोकरीला गेली. जाण्याआधी तिनं आईच्या धंद्यासाठी एक ईमेल काढून दिला, पाकिटांच्या लेबलावर तो ठळक छापून घेतला आणि धाकटीला दम भरला, "रोज उघडून बघायचं, सिद्धे. ऑर्डर चुकली तर अव्वा मला न्हाय, तुला लाटण्यानं बडवंल."

धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग धगीशी उभी करून अशी वाळवायची की महिनाभर खुसखुशीत राहिली पाहिजे. पुण्याला शिकायला निघालेल्या पोरांच्या बॅगेत सोलापूरची आई आधी ही भाकरी अन् शेंगाचटणी कोंबते, कपडे मागनं. नीलम्माकडं सकाळपासून दोन तवे चालायचे. शेजारच्या रंभाबाई आणि महानंदा थापायला यायच्या. अप्पा, म्हणजे पोरींचे वडील महादेवप्पा, भरलेली पाकिटं घेऊन मंद्रूपच्या आठवडी बाजाराला जायचे.

तर त्या मंगळवारी शाळेला निघता निघता सिद्धीनं फोन उघडला आणि किंचाळलीच.

"अव्वा! अगं अव्वा! आपल्याला लॉटरी लागली!"

"कोण लागली?" नीलम्मानं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"लॉटरी! हे बघ. काँग्रॅच्युलेशन्स. रॉयल थेम्स ईमेल लॉटरी. जगातल्या सगळ्या ईमेलांतनं आपला ईमेल निघालाय. पाच लाख पौंड!"

रंभाबाई आणि महानंदा अजून आल्या नव्हत्या. नीलम्माला पौंडाचं काही सोयरसुतक नव्हतं. तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला आणि म्हणाली, "कोण फुकट देतंय, बाई? जा शाळंला."

"ऐक तरी. विजेत्यानं बक्षीस घ्यायला स्वतः लंडनला यायचं. बरोबर एक सोबती आणायचा. तिकीट, व्हिसा, राहणं, सगळं कंपनी बघणार."

नीलम्माचा हात तव्यावरच थांबला.

"लंडन म्हणलीस?"

"लंडन."

"म्हंजे श्रीदेवीच्या हितलं?"

"तिच्याच देशातलं की!"

भाकरीच्या कडेनं धूर निघाला तरी नीलम्मा हलली नाही. सिद्धीनं पुढं होऊन चिमट्यानं भाकरी काढली तेव्हा कुठं तिनं मान वळवली. आईच्या तोंडावर असा उजेड सिद्धीनं पाच महिन्यांत पाहिला नव्हता. बरोबर पाच महिने, कारण श्रीदेवीची लेक पाच महिन्यांची होती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही काय लिहून ठेवलेली गोष्ट थोडीच असते? पण नीलम्माच्या घराण्यात आजवर एकही लेक पहिल्या खेपेला सासरी बाळंत झालेली नव्हती. श्रीदेवीला मात्र डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. नीलम्मानं डिंक आणला होता, खारीक कुटून ठेवली होती, शेगडीसाठी कोळसे आणले होते. ते कोळसे मागच्या अंगणात अजून तसेच पोत्यात होते. नात फोनमध्ये जन्मली, फोनमध्येच तिचं बारसं झालं. नाव ठेवलं संस्कृती. तिकडच्या नर्सांची जीभ वळेना, म्हणून लगेच संस्कू झाली. रोज पाच मिनिटं नीलम्मा त्या काचेतल्या नातीशी कानडीत बोलायची, "कूसू, माझं बाळ," म्हणायची, आणि फोन ठेवला की पुन्हा पीठ मळायला बसायची. परात पुढं ओढताना थोडा जास्त आवाज करायची, एवढंच.

"अजून काय लिवलंय त्यात?" तिनं विचारलं.

सिद्धीनं पुढचं वाचलं आणि मराठीत सांगितलं, "बक्षीस हातात पडेपर्यंत ही गोष्ट कुणालाही सांगू नये. अगदी गुप्त ठेवावी."

इथं दुसरी कुणी असती तर तिच्या मनात पाल चुकचुकली असती. नीलम्मानं मात्र दोन्ही हात जोडले. गड्ड्याच्या जत्रेत तिनं सिद्धरामेश्वराला नवस बोलला होता, नातीला एकदा मांडीवर घेऊ दे, तुला अभिषेक करीन. आणि नवस फिटेपर्यंत तोंडानं बोलून दाखवायचा नसतो, हे तर कालच्या पोरालाही ठाऊक. बोललेला नवस वाऱ्यावर जातो.

"बघितलंस?" ती कुजबुजली. "त्यालाबी ठाऊक हाय. अप्पालासुदीक बोलायचं न्हाय. शपथ घे."

सिद्धीनं गळ्याला चिमटा लावून शपथ घेतली. सोबती एक, आणि तो सोबती कोण हे काय सांगायला पाहिजे? शाळेपर्यंत ती चालत गेलीच नाही, तरंगत गेली. श्रीदेवी अक्का होती तेव्हा रोज सकाळी गुडघ्यात धरून दोन वेण्या घालायची, इतक्या ताणून की भुवया वर जायच्या. सिद्धी बोंबलायची, "सोड ना, डोळं मिटत न्हाईत!" आता आईला वेळ नसायचा, सिद्धी आपल्या आपण घालायची, आणि कितीही आरशात बघितलं तरी एक वेणी कानाच्या वर, एक खाली. ते भाषणसुद्धा अक्काला फोनवर म्हणून दाखवलं होतं, पण मध्येच नेट गेलं आणि टाळ्यांची जागा आली तेव्हा अक्काचं तोंड अर्धवट उघडं थिजून राहिलं होतं.

लॉटरीवाल्यांना तिनं दुपारीच उत्तर लिहिलं. उत्तराला उत्तर आलं. मग फोन नंबर आला, मग फोन आला. बोलणारा माणूस होता डेव्हिड विल्सन. नाव गोऱ्याचं आणि हिंदी मात्र अशी अस्सल, की सिद्धीला जरा नवल वाटलं. पण तिनं ते नवल गिळून टाकलं.

घरात गुपचूप तयारी सुरू झाली. नीलम्मानं इरकलीच्या जुन्या खणाची कुंची शिवायला घेतली. मापच नव्हतं. संध्याकाळी श्रीदेवीचा फोन आला तसं ती म्हणाली, "तिला जरा जवळ धर गं, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ." संस्कूचं टक्कल पडद्यावर भरलं. नीलम्मानं अंगठा आणि करंगळी ताणून काचेवर वीत टेकवली. मग सिद्धीला हळूच विचारलं, "फोनमधी डोकं हाय त्याच्यापेक्षा मोठं दिसतंय का बारीक?"

"काय मोजायलीस अव्वा?" तिकडून श्रीदेवी हसली.

"कुटं काय. दृष्ट काढली."

दुसरा ईमेल गुरुवारी आला. पैसे आणि तिकिटं तयार आहेत, फक्त क्लिअरन्सची फी पंचवीस हजार रुपये शुक्रवारी पाचच्या आत भरायची, न भरल्यास बक्षीस पुढच्या माणसाला जाईल. सिद्धी वाचता वाचता अडखळली.

"अव्वा, बक्षीस आपल्याला लागलंय ना? मग आपणच कशाला पैसे द्यायचे?"

"येडी का खुळी तू?" नीलम्माला तिचंच नवल वाटलं. "आपली भिशी काय वेगळी हाय? चिठ्ठी निघाली की आधी भजी कुणी घालायची?"

ते मात्र खरं होतं. त्यांच्या गल्लीतल्या भिशीचा नियमच तसा. जिची चिठ्ठी निघेल तिनं आधी पदरचे पैसे घालून सगळ्यांना गरमागरम भजी आणि चहा द्यायचा. शेवटचं भजं संपल्यावरच रंभाबाई पदराखालून रकमेची पिशवी काढून पुढं सरकवणार, तोवर ब्रह्मदेव आला तरी नाही. गेल्याच रविवारी नीलम्माची चिठ्ठी निघाली होती, तिनं घाण्यावर घाणे भजी तळली होती, आणि ती रक्कम अजून तशीच बँकेत होती.

"ही लंडनवाल्यांची भजी समज," ती म्हणाली. "अन् बघ की, नाव निघायला लागलं की निघतच जातं. देव देतो तवा असंच देतो."

लंडनवाल्यांची भजी म्हटल्यावर सिद्धीला हसू फुटलं. पण रात्री जेवताना ते हसू टिकलं नाही. फोनवरनं पैसे पाठवणं आईला जमत नव्हतं. बोट सिद्धीलाच टेकवायचं होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिनं शपथ निम्मी मोडली. रुपालीला म्हणाली, "समज, एका माणसाला लॉटरी लागली…"

रुपाली सांगोल्याकडची, धनगराची पोर, शिकायला आत्याकडं राहिलेली. तिनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

"हां, आमच्या बिरुदेव चुलत्यालाबी लागलीती की! जीप!"

"मग?"

"मग काय. चुलता मेंढरं घिऊन माळावर हुता. फोनवाला म्हणला, जीप लागली, फी भरा. चुलत्यानं इचारलं, जीपमधी मेंढरं बसत्यात का? त्यो म्हणला, बसतात. किती बसत्यात? त्यो म्हणला, जितकी हायेत तितकी. माझी तर दीडशे हायेत, म्हणला चुलता. बसतील, म्हणतोय! कुत्रं? कुत्रंबी बसंल! चुलता म्हणला, बाबा, असली जीप बिरोबाकडंबी न्हाय, तुझ्याकडं कुटनं आली? अन् दिला ठिवून."

रुपाली पोट धरून हसली. सिद्धीही हसली, आणि हसता हसताच थांबली. कारण विल्सनही अजून कशालाच नाही म्हणाला नव्हता. नॉटिंगहॅम लंडनपासून किती लांब, असं नीलम्मानं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "बस मॅडम, बगल में ही है." अक्का तर म्हणायची, रेल्वेनंच दोन तास लागतात.

शाळा सुटल्या सुटल्या ती तिथंच जिन्याखाली बसली आणि वहीत जसाच्या तसा उतरवून घेतलेला तो पहिला ईमेल पुन्हा वाचला. या खेपेला तोऱ्यानं वाचला नाही, नीट वाचला. सुरुवातीला 'प्रिय भाग्यवान विजेता'. नीलम्माचं नाव कुठंच नाही. एवढी थेम्स नदीची कंपनी, आणि पत्ता कुणीही फुकटात काढावा तसला. इंग्रजीत चुका तर अशा, की बाईंनी लाल पेनानं पान रंगवलं असतं. जन्मतारीख मागितली होती, बँकेचा नंबर मागितला होता, मोबाइलवर येणारा ओटीपीही कळवा म्हणून लिहिलं होतं. पासपोर्टचा मात्र कुठं शब्द नाही. आईकडं पासपोर्टच नव्हता! मग व्हिसाचा शिक्का काय पोळपाटावर मारणार होते? आणि ईमेल त्यांना सापडला कुठं, तर पाकिटावर. बाजारात दहा रुपयाला मिळणाऱ्या प्रत्येक पाकिटावर तो होता.

हे सगळं मंगळवारीही तिथंच होतं. तिला दिसलं नव्हतं, कारण तिला अक्का दिसत होती.

खरं सांगायचं तर जिन्याखाली बसून तिनं आणखी एकदा तो ईमेल वाचला, कुठंतरी एखादी ओळ खरी निघेल म्हणून.

घरी आली तेव्हा चार वाजले होते. रंभाबाई आणि महानंदा घरी गेल्या होत्या, अप्पा बाजारातून यायचे होते. नीलम्मा नवं लुगडं नेसून, केस विंचरून, फोन पुढ्यात घेऊन बसली होती. पैसे भरायला नवं लुगडं!

"आलीस? बस. आधी कुंकू लाव त्या फोनला."

"अव्वा, ऐक. हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"सगळंच. लॉटरी खोटी, विल्सन खोटा. आपण चिठ्ठी टाकली होती का? भिशीत नाव न घालता कुणाची चिठ्ठी निघती का?"

नीलम्मानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "श्रीदेवीनं घातली असंल. ईमेल काढताना. ती लई हुशार."

"अक्कानं न्हाय घातली."

"तुला काय ठाऊक? तू तवा शेंबडी हुतीस."

"अगं पासपोर्ट तरी मागितला का त्यानं?"

"मागंल की! एवढा मोठा माणूस, इसरला असंल." तिचा आवाज चढला. "तूच वाचून दाखवलंस ना? तूच वरडलीस ना, लागली लागली म्हणून? आता तुला यायचं नसंल तर नको येऊ. मी रंभाबाईला नेते."

सिद्धीला हे असं लागलं, की डोळे भरून आले. भाषण पाठ होतं तेव्हा शब्द कसे भराभर सुटले होते, आणि आता आईसमोर एक वाक्य सरळ निघेना. तेवढ्यात फोनच वाजला. विल्सन.

तिनं स्पीकर लावला.

"हां मॅडम, पेमेंट हो गया? टाइम बहुत कम है."

"सर, एक विचारायचं होतं," सिद्धी म्हणाली. हिंदी तिची मराठीतूनच चालत यायची. "हमारी दीदी नॉटिंगहॅम में रहती है. वो विमान के रास्ते में आता है क्या?"

"हां हां, रास्ते में ही है."

"तो अव्वा को वहीं उतरना है. लंडन बाद में जाएगी. विमान वहां थांबवेंगे क्या? दो मिनिट?"

"रुकवा देंगे मॅडम, कोई प्रॉब्लेम नहीं."

"उसके पास सामान बहुत है. भाकरी का पूरा पोता है. उतरने को टाइम लगेगा."

"जितना टाइम लगे. पायलट अपना आदमी है. आप बस फीस डाल दीजिए, पाँच बजे के पहले."

सिद्धीनं आईकडं पाहिलं. नीलम्मा फोनकडं बघत होती, डोळे बारीक करून, एखाद्या पाकिटात भाकरी मोडकी निघावी तसं. मग ती पुढं वाकली आणि फोनवर अगदी तोंड नेऊन बोलली. तीही हिंदीच बोलली, आपल्या परीनं.

"ओ भाऊ. माझा मालक बीस साल से मंद्रूप को जाता है. एस्टी का ड्रायवर हमारे गल्ली का है, आमच्या घर की भाकरी खाता है. वो बी नाके के पहले गाडी थांबवता नहीं. स्टॉप पेच उतरो, बोलता है." ती थांबली, श्वास घेतला. "अन् तू इमान थांबवता?"

पलीकडं विल्सन खाकरला.

"मॅडम, आप समझ नहीं रहे हैं…"

"समजलं की, बाबा," नीलम्मा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "थोडं उशिरा समजलं. ठेव."

सिद्धीनं फोन कापला. तो पुन्हा वाजला, पुन्हा कापला, मग तिनं तो नंबरच अडवून टाकला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. नीलम्मा उठली, आत गेली, नवं लुगडं सोडून पिठाचं जुनं लुगडं नेसून आली आणि दुसऱ्या दिवसाचं पीठ चाळायला बसली. चाळणी डावीकडून उजवीकडं, डावीकडून उजवीकडं.

"अव्वा…"

"मला पैशाचं काय न्हाय गं," ती चाळणीकडं बघत म्हणाली. "पैसं कुटं गेलंत. हायेत तितंच. पर चार दिस मी रोज तिला मांडीवर घेत हुते. मनातल्या मनात. आता परत खाली ठिवायची म्हंजे…"

चाळणी पुन्हा फिरायला लागली. सिद्धी तिच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली, कारण समोर बसायचा धीर नव्हता.

अप्पा आले, हातपाय धुतले, आणि घरातलं वारं ओळखून चहा न मागता ओट्यावर टेकले. सिद्धीनं सगळं सांगितलं, शपथेसकट. अप्पांनी दोनदा "अरं तिच्या!" म्हटलं, मग बँकेत पैसे जागच्या जागी आहेत ना ते बघायला लावलं, मग सायबरवाल्यांच्या १९३० नंबरवर फोन करायला लावला आणि विल्सनचा नंबर कळवला. त्यानंतर नीलम्माकडं तोंड न करता, भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "मला सांगायचं की. चांगलं असतं ते नवऱ्यापासनं लपवतंय कोण? लपवा म्हणला तितंच वळकायचं."

"नवस हुता."

"नवस माझाबी हुता," अप्पा म्हणाले. "मंद्रूपला एकाचा पोरगा दुबईला असतोय. त्याला इचारून आलो मागल्याच आठवड्यात. आधी पासपोर्ट काढा म्हणला. आधार लागतंय, जन्माचा दाखला लागतोय. दोघांचा काढून ठिवू. तिकिटाचं मागनं बघू. वर्ष लागंल, दोन लागतील."

नीलम्मा त्यांच्याकडं बघतच राहिली. एवढं बोलायला अप्पांना एरवी सहा महिने लागायचे.

श्रीदेवीला मात्र काही सांगायचं नाही, असं नीलम्मानं बजावलं. तिचा जीव तिकडं उगीच कासावीस होईल. पण रविवारी दुपारी, तिकडं सकाळ असताना, श्रीदेवीचा फोन आला आणि सिद्धीच्या पोटात ते मावेना. तिनं गंमत म्हणून सांगायला घेतलं. विल्सनचा आवाज काढला, पायलट अपना आदमी है, एस्टी, नवं लुगडं, फोनला कुंकू. चांगलं रंगवून सांगितलं. अक्का खदखदून हसेल म्हणून थांबली.

अक्का हसली नाही. पडद्यावर तिनं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अव्वा," ती म्हणाली, "तुला यायचं हुतं?"

"न्हाय गं, ही आपली काहीतरी…"

"मग कधी बोलली का न्हाईस? मी म्हणलं, अव्वाला भाकरीच्या नादात सवड कुटं. रोज पाच मिनिटं बोलतीस अन् ठेवतीस. मला वाटलं तुला तेवढंच पुरतंय."

"मला वाटलं तुला काम असतंय."

सिद्धी मध्ये फोन धरून उभी, एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत. मग संस्कूच रडायला लागली, चांगली तारस्वरात.

"अंघोळीची वेळ झाली तिची," श्रीदेवी म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "टबात घातली की अशीच रडती. रोज. नर्स आहे मी अव्वा, लोकांची शंभर बाळं हाताळली, अन् माझीच मला…"

"टबात?" नीलम्मा सावरून बसली. "टबात काय, ती काय भांडं हाय? पायावर घे की!"

"मला येत न्हाय पायावर."

"येत कसं न्हाय! खाली बस. फोन टेकव कुटंतरी, मला दिसंल असा. पाणी कढत न्हाय ना? कोपर बुडवून बघ, हात नको, हाताला कळत न्हाय. सिद्धे, तू फोन वर धर. अजून वर. तिला माझे पाय दिसले पायजेत."

तिकडं नॉटिंगहॅमच्या न्हाणीघरात श्रीदेवी गाऊन गुडघ्यावर ओढून फरशीवर बसली, पाय लांब केले. इकडं सोलापुरात चुलीपुढं पोत्यावर नीलम्मा बसली, लुगडं वर खोचलं आणि तिनंही पाय पसरले.

"पाय चिकटून ठेव. मधी खळगा करायचा, त्यात डोकं बसतंय. आधी पालथी. हां. घाबरू नको, पडत न्हाय, आपलंच हाय ते." तिनं वाटीतलं तेल तळहातावर ओतून घेतलं. "आता पाठीवरनं असा. जोर नको, पर भ्याल्यावानीबी नको. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी. बघ माझ्याकडं. असा."

तिनं हात फिरवला. स्वतःच्या रिकाम्या नडग्यांवरून, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, जिथं पाठ असती तिथं, जिथं इवलासा खांदा असता तिथं बोटं वळवून.

"आता उताणी. कपाळावर हात आडवा धर, डोळ्यात पाणी जायला नको. ओत. धार तुटू देऊ नको."

तिकडं पाण्याचा आवाज झाला. रडणं हळूहळू हुंदक्यावर आलं, मग तेही थांबलं. संस्कू ओल्या डोळ्यांनी वर बघत मूठ चोखायला लागली.

"अगं बाई," श्रीदेवी हळू आवाजात म्हणाली. "गप्प झाली."

"होणारच. धुरी देतीस का? ओवा हाय?"

"नको नको, हितं धूर झाला की छताला घंटा वाजती. सगळी बिल्डिंग खाली पळंल."

या खेपेला सगळे हसले. दारात कधीचे येऊन उभे राहिलेले अप्पासुद्धा. श्रीदेवीनं लेकीला टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि तिच्या ओल्या केसांना नाक लावून डोळे मिटून घेतले. इकडं नीलम्माचे पाय अजून पसरलेलेच होते. तिचा तेलाचा हात त्या नडग्यांवरून सावकाश फिरत होता, वरून खाली, वरून खाली. सिद्धीचा हात भरून आला होता. तरी तिनं फोन खाली केला नाही.